आधी नाव लिही

घणसोली, रविवार रात्र

पोरी, अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि तुमचं गाणं परत लावलं. सात-आठ वेळा ऐकलं असेल. गाणं जमलंय हे तुला माहीत आहे, त्यामुळे शाबासकीत वेळ घालवत नाही. माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. तू लॅपटॉपवर सेशन उघडून दाखवलंस तेव्हा किकच्या, म्हणजे खालच्या ठोक्याच्या, ट्रॅकला नाव होतं, बासला होतं, टाळीच्या सॅम्पलला तर तुझ्या संगीतातल्या जोडीदाराने वर्तकनगरच्या त्याच्या गल्लीचं नाव दिलं होतं. आणि जिच्या गळ्यावर हे सगळं उभं आहे, तिच्या ट्रॅकवर लिहिलं होतं 'व्हॉक्स 1', म्हणजे नुसतं 'आवाज 1'.

तू विचारत होतीस, काका, प्रत्येक गाण्यात वेगळा गळा आला तर आमच्या जोडीची ओळख कशी होणार? तुझा जोडीदार म्हणतो, गाणाऱ्या कळव्याच्या मुलीला पाच हजार द्यायचे, विषय मिटवायचा आणि गाणं फक्त आपल्या दोघांच्या नावाने काढायचं. पुढच्या गाण्याला दुसरी कुणीतरी. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. दीड तास तू तेच तेच बोलत राहिलीस आणि मी 'बघू, विचार करू' म्हणत राहिलो. बाहेर डबिंगवाले थांबले होते हे खरं आहे. पण त्यांच्यासाठी मी गप्प बसलो नाही. तुझा प्रश्न ऐकून मला माझी सीडी आठवली, म्हणून गप्प बसलो.

2003 ची गोष्ट. आम्हीही दोघंच होतो. मी कीबोर्ड आणि कॉम्प्युटर, तो ऑक्टोपॅड. तो रबाळ्याचा, मी इथला, घणसोली गावठाणातला. हळदीच्या रात्री बेंजो पार्टीत वाजवून बोटं तयार झालेली, पण डोक्यात वेगळंच शिजत होतं. वाशीला जाऊन परदेशी हाउसच्या, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताच्या, सीड्या आणायचो आणि पहाटेपर्यंत ऐकायचो. ती चार ठोक्यांची सरळ किक आम्हाला आमच्या गाण्याखाली हवी होती. आपला ठेका सहा मात्रांचा, झुलता. हाउस सरळ चालीचं. दोन्ही एकत्र बसवायला आम्ही चार महिने घातले. शेवटी किक सरळच ठेवली आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करून वरची हॅट, म्हणजे झांजेचा आवाज, झुलवली, तेव्हा कुठे पाय हलायला लागले. हे काम आमचं होतं. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो मी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

आवाज मात्र आमच्याकडे नव्हता. तो होता आमच्या आळीतल्या धवलारीण मावशींकडे. तू ऐरोलीच्या सेक्टरमध्ये वाढलीस, तुला कदाचित माहीत नसेल. आमच्या आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. घाणा भरताना, हळद लागताना, मांडवात, प्रत्येक विधीचा तिचा धवला, म्हणजे विधीचं गाणं, ठरलेला असतो. लिहिलेला कुठेच नाही, सगळा तोंडपाठ, आईकडून नाहीतर सासूकडून आलेला. मावशींचा आवाज पातळ नव्हता, गोड तर अजिबात नव्हता. तो उन्हात वाळवलेल्या सुक्या मासळीसारखा होता. लांबूनच कळायचं की आला.

मे महिन्यात रेकॉर्डिंग केलं. मागची खोली, खिडकीला दोन गाद्या उभ्या लावलेल्या, पंखा बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. माईक भाड्याने आणलेला. मावशी आल्या त्या हातात हिरवा चुडा भरून. मी म्हटलं, बांगड्या काढून ठेवा, आवाज येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मग त्यांनीच तोड काढली. उजव्या हाताच्या बांगड्यांना रुमाल गुंडाळला, डाव्या हाताच्या बांगड्यांवर पदराचं टोक घट्ट आवळून धरलं आणि म्हणाल्या, चालव तुजी मशीन. हेडफोन एकाच कानाला लावला. क्लिक ऐकून म्हणाल्या, हो टकटक बंद कर, माजा जीव घाबरतं. आम्ही क्लिक बंद केली. त्या डोळे मिटून सलग अर्धा तास गायल्या. मधे पाणीसुद्धा मागितलं नाही.

पुढचं सगळं आम्ही कॉम्प्युटरवर केलं. त्यांच्या गाण्याचे तुकडे केले, एकेक ओळ ओढून ताणून किकवर बसवली. त्यांची पट्टी काळी चारच्या जरा वर होती. आमचा ट्रॅक आधीच तयार होता, त्याची पट्टी वेगळी. ट्रॅक त्यांच्याकडे सरकवायचा की त्यांना ट्रॅककडे? आम्ही त्यांना सरकवलं, दीड सूर वर. त्या काळच्या सॉफ्टवेअरने आवाजाचं काय केलं असेल ते तू समजू शकतेस. पन्नाशीच्या बाईचा भरदार आवाज शाळकरी मुलीसारखा चिरका झाला. आम्हाला तेच 'डान्स' वाटलं. एक जागा फक्त जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेताना रुमाल सुटला होता आणि चुडा किणकिणला होता. तो आवाज नेमका समेच्या आधी पडत होता, म्हणून ठेवला. अजूनही लोक मला विचारतात, ते पर्कशन कुठल्या मशीनचं?

मावशींना पाचशे रुपये दिले आणि एक साडी. कागद काहीच नाही. सीडी आली. पुढच्या बाजूला आम्हा दोघांचे गॉगल लावलेले फोटो. मागच्या बाजूला निर्माता, वितरक, शूटिंगला बंगला देणारे शेठ, दोन नगरसेवक, विशेष आभार. मी नंतर एकदा मोजली, 22 नावं होती. मावशींचं नव्हतं.

आमच्याकडच्या लग्नपत्रिका तू पाहिल्या असशील. चुलते, मामा, आत्या, व्यवस्थापक, निमंत्रक, घरातल्या लहान पोरांची नावं, काही घरांत पन्नास-पन्नास नावं छापतात, आणि एखादं राहिलं तर वर्ष-वर्ष बोलणं बंद होतं. नावाची किंमत आम्हाला कळत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी जी बाई ते लग्न गाऊन पार पाडते तिचं नाव मी एकाही पत्रिकेत वाचलेलं नाही.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी सीडी उलटी-सुलटी करून पाहिली आणि नातवाला विचारलं, यान माजा नाव कुठं हाय रं? मी तिथेच उभा होतो. माझा जोडीदार हसून म्हणाला, मावशी, पुढच्या सीडीत टाकू की. त्या बरं म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. पुढची सीडी त्यांच्याबरोबर झालीच नाही. नंतर आम्ही बोलवायला गेलो तेव्हा त्यांनी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा बसला नव्हता. त्याच आठवड्यात गोठीवलीच्या एका हळदीत मी त्यांना रात्रभर गाताना ऐकलं.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही मुद्दाम केलं का? नाही केलं. तेव्हा पद्धतच नव्हती. सगळ्या हळदीच्या कॅसेटी तशाच निघत होत्या. कंपनी म्हणायची, लोकगीत आहे, लोकगीताला गायक कशाला लागतो, ते सगळ्यांचंच. आणि धवला खरंच कुणा एकाचा नसतो, हेही मला तेव्हा पटलेलं होतं. शिवाय पाचशे रुपये त्या काळी अगदीच कमी नव्हते. आम्हाला दोघांना मिळून सगळा खर्च जाऊन हातात चार हजार राहिले होते. आम्ही लुबाडणारी माणसं नव्हतो. मावशींच्या मुलीच्या लग्नात मी फुकट वाजवलंय. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण शब्द सगळ्यांचे असले तरी गळा एकीचाच होता ना? चार अक्षरी नाव होतं. बंगलेवाल्या शेठच्या नावाखाली बसलं असतं.

म्हणून सांगतो. आधी नाव लिही. गाणं नंतर. घरी जाशील तेव्हा पहिल्यांदा ते 'व्हॉक्स 1' पुसून तिथे तिचं नाव टाइप कर. नावासकट, आडनावासकट. ही छोटी गोष्ट नाही. फाइलला नाव नसलं की मिक्सला नसतं, मिक्सला नसलं की मास्टरला नसतं, आणि मग वितरकाचा फॉर्म भरायला रात्री दोन वाजता बसता तेव्हा कुणाला आठवतच नाही की इथे एक माणूस होतं.

तुमच्या या परदेशी डान्स संगीताचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी एक प्रकरण काढून वाच. न्यूयॉर्कचे दोन निर्माते, रॉबर्ट क्लिव्हिलेस आणि डेव्हिड कोल, सी अँड सी म्युझिक फॅक्टरी. तुमच्यासारखीच जोडी, गळे बाहेरचे. 1990 साली त्यांचं ते सगळ्यांना नाचायला लावणारं गाणं आलं आणि 1991 च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली ती छप्पर उडवणारी हाक मार्था वॉशची. व्हिडिओत मात्र ओठ हलवते दुसरीच, सडपातळ मुलगी. वॉश ही काही नवखी नव्हती, आठ वर्षं आधी तिची गाणी जगभर वाजलेली होती. तिला कोर्टात जावं लागलं, मग तडजोड झाली, आणि त्यानंतर कुठे त्या व्हिडिओवर आवाज तिचा आहे अशी ओळ आली. त्या दोघांची किक आणि बास आजही उत्तम आहेत. पण ते गाणं निघालं की माणसं ते प्रकरणच आधी सांगतात. तुझ्या जोडीदाराला ही जोडी नक्की माहीत असेल. मार्था वॉश माहीत आहे का ते विचार.

लांब कशाला जायचं. आपल्या मुंबईतच 1949 साली 'महल' आला. 'आयेगा आनेवाला'ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर लोकांनी पत्रं पाठवून विचारलं की ही गातेय कोण, आणि मग लताबाईंचं नाव सांगितलं गेलं. लता मंगेशकरांच्याही वाट्याला हे आलं. फिल्मफेअरनेही पार्श्वगायनाचा पुरस्कार 1959 साली सुरू केला, तोही त्यांनी हट्ट धरला म्हणून. संगीतकाराला पुरस्कार आहे आणि गायकाला नाही, तर मी मंचावर गाणार नाही, असं त्यांनी दोन वर्षं आधीच सांगितलं होतं. तुमची ती कळव्याची पोरगी हट्ट धरणारी दिसत नाही. तू म्हणालीस, काका, ती काही मागतच नाही. मावशींनीही मागितलं नव्हतं. एकदा विचारलं होतं फक्त.

आता तुझा खरा प्रश्न. ओळख.

तू डाफ्ट पंकवर जीव टाकतेस. त्या दोन फ्रेंच माणसांनी स्वतःचे चेहरे हेल्मेटखाली लपवले, पण पाहुण्याला लपवलं नाही. 2000 सालच्या त्यांच्या त्या प्रसिद्ध गाण्यात न्यू जर्सीच्या रोमँथनीचा आवाज यंत्रातून इतका फिरवलाय की त्याच्या घरच्यांनाही ओळखू आला नसता. तरी गीताच्या हक्कात त्या दोघांच्या बरोबरीने तिसरं नाव त्याचं आहे. 2013 च्या अल्बममध्ये त्यांनी डिस्कोच्या काळातल्या जॉर्जिओ मोरोडर या संगीतकाराला बोलावलं, माईकसमोर बसवून त्याची कहाणी त्याच्याच तोंडून सांगायला लावली, आणि त्या ट्रॅकला नावच त्याचं दिलं. पाहुण्याचं नाव हेच गाण्याचं नाव! त्याने त्या दोघांची ओळख कमी झाली का? डिस्क्लोजर या इंग्लंडच्या जोडीतले दोघे भाऊ घे. 2012 मध्ये थोरला 21 चा, धाकटा 18 चा. त्यांच्या गाण्यात गाणाऱ्या सॅम स्मिथला तेव्हा कोण ओळखत होतं? नाव गाण्यावर ठळक लिहिलं. पुढे सॅम स्मिथ त्या भावांपेक्षा मोठं नाव झालं, आणि आज कुणी सॅम स्मिथची सुरुवात सांगायला बसलं की त्या दोघांचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि मराठीतच बघ ना. 2024 मध्ये क्रेटेक्स या डीजेने मराठी हाउस केलं, श्रेयसचा आवाज, ते थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन या संगीत कंपनीने काढलं. दोन्ही नावं शेजारी शेजारी. आमच्या हळदीत पोरं त्यावर नाचतात तेव्हा मला आनंदही होतो आणि पोटात तुटतंही. आम्ही 2003 मध्ये हेच करायला बघत होतो.

तुमच्या जोडीची ओळख तुम्ही गळा कसा बसवता त्यात आहे. तुझं एक वैशिष्ट्य मला काल तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. आवाज सुरू व्हायच्या आधी तू अर्धा ठोका सगळं काढून घेतेस, बाससुद्धा, आणि तिचा श्वास एकटा ऐकू येतो. हे तू तिन्ही गाण्यांत केलंयस, तिन्ही गाण्यांत गळे वेगळे आहेत. तीच तुझी सही आहे. ती कुणाचं नाव लिहिल्याने पुसली जाणार नाही. कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोड्यांनी शेकडो गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून काढली. लक्ष्मी-प्यारेंचा ढोलक दोन ठोक्यांत ओळखू येतो की नाही? मग?

एका बाबतीत मात्र तुमचं गाणं कच्चं आहे आणि ते मला खटकलं. मुलीचा आवाज वरच्या जागांना ताणला जातोय. ओठ आवळून गायल्यासारखं वाटतं. मी पट्टी तपासली. तुम्ही बीट आधी केला, पट्टी तुमच्या सिंथच्या सोयीने धरली आणि तिला म्हणालात गा. आम्ही केलं तेच. तिला एक सूर खाली दे, सगळा ट्रॅक खाली आण. बासचा सबचा भाग फार खाली गेला तर नवा बास वाजव, तुझे दोन तास जातील. जाऊ देत. आणि आवाजाच्या मधल्या पट्ट्यात तुझ्या जोडीदाराने जो करवती सिंथ भरलाय तो काप, साधारण एक ते तीन किलोहर्ट्झमध्ये तिला जागा दे. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून तुम्ही तिचा आवाज वाढवत गेलात, वाढवून वाढवून तो टोचायला लागला. गर्दी कमी केली असती तर वाढवावा लागलाच नसता. मिक्सला तिला बोलवा. तिच्यासमोर बसून मिक्स करा. गाणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठे दुखतो ते लगेच कळतं.

तुझा जोडीदार म्हणत होता ना, हार्मनीसाठी तिला परत बोलवायची गरज नाही, ॲपमध्ये तिचा आवाज शिकवला की हवं ते गाऊन घेता येतं. तिला विचारलंय का? हे मी अजिबात खपवून घेणार नाही. 2024 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्याच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांविरुद्ध. पण कोर्टाची भीती दाखवायला हे सांगत नाही. पाच हजारात तुम्ही त्या मुलीची एक दुपार घेतली. तिचा गळा घेतला नाही.

कागदाचं आता थोडक्यात. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे, कलम 38 ब. हक्क विकले तरी हा राहतो. तिचा परफॉर्मर म्हणून हक्क 50 वर्षांचा. तू बोलता बोलता म्हणालीस की दुसऱ्या कडव्याची ओळ तिने उभ्या उभ्या सुचवली, चालीसकट. मग ती नुसती गायिका राहिली नाही, ती गीतकार आणि संगीतकारातही आली, आणि त्या रॉयल्टीतला तिचा वाटा पाच हजार देऊन लिहून घेता येत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था आहे, गायकांसाठी तशीच इस्रा 2013 साली उभी राहिली, आता तिचं नाव इसम्रा, दोन्हीकडे तिला पाठव. हक्क लिहून घ्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एक पानाचा कागद पुरतो. तिघांची नावं, प्रत्येकाने काय केलं, किती टक्के, तारीख, तिघांच्या सह्या. मराठीत लिहा, तिच्या आईला वाचता आलं पाहिजे.

वितरकाच्या फॉर्मवर कलाकारांच्या रकान्यात तिला सहभागी कलाकार म्हणून जोड, तिच्या स्वतःच्या प्रोफाइलला. नुसतं शीर्षकात 'फीचरिंग' म्हणून टाइप केलंस तर गाणं तिच्या पानावर दिसणार नाही. पुढे कुणी तिचं नाव शोधलं तर तिच्या खात्यावर काहीच सापडणार नाही. व्हिडिओत ती दिसणार नसेल तर आवाज तिचा असं पहिल्या फ्रेमवर लिहा, शेवटच्या पाटीवर कुणी थांबत नाही. आणि हे सगळं गाणं निघायच्या आधी. निघाल्यावर कुणी मागे वळून बघत नाही, मी सांगतो ना.

मी वळलो, पण सोळा वर्षांनी. मावशी 2014 मध्ये गेल्या. 2019 मध्ये मी ते गाणं परत यूट्यूबवर चढवलं तेव्हा पहिली ओळ त्यांच्या नावाची घातली. मूळ मास्टर कंपनीकडे होता, कंपनी बंद पडलेली, माझ्याकडे फक्त जुनी हार्डडिस्क. तिच्यात मावशींची मूळ रेकॉर्डिंग सापडली, न ताणलेली, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत. फाइलचं नाव होतं 'लेडी 1'. मी ती ऐकली आणि उठून बाहेर गेलो. नंतर त्यांची नात आली होती, कॉलेजात जाते, तिने मोबाइल पुढे करून विचारलं, काका, ही खरंच आमची आजी आहे का? त्या गाण्यावर ती लहानपणापासून नाचत आली होती. तिला माहीत नव्हतं. त्यांच्या घरातसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, कारण जिथे नावच नाही तिथे सांगायचं काय आणि कुणाला. आजही दिवाळ्यापासून दिव्यापर्यंत ज्या हळदीत ते वाजतं ते जुनंच वाजतं, चिरक्या आवाजातलं. डीजेंकडे तेच आहे. मी किती जणांना नवी फाइल पाठवली असेल.

तुझा जोडीदार चिडेल. तो म्हणेल, काका जुने झाले, धंदा कळत नाही. त्याला सांग की मीही त्याच्या वयात गॉगल लावून फोटो काढला होता आणि तो फोटो माझ्या कपाटात आहे, येऊन बघ. तरीही ऐकत नसेल तर भांड. पण भांडून वेगळी होऊ नकोस इतक्यात, पोराचा हात चांगला आहे आणि टाळीला गल्लीचं नाव देणारा माणूस मनाने वाईट नसतो. त्याला नावाचं महत्त्व कळतं, फक्त अजून ते स्वतःच्या गल्लीपुरतं आहे. माझा जोडीदार आणि मी 2006 मध्ये वेगळे झालो, पैशांवरून. मावशींच्या विषयावर आम्ही कधी भांडलोच नाही. तेव्हा भांडायला हवं होतं.

शनिवारी तिघं या. पाच नंतर मी मोकळा आहे. ती दोघं ठाण्याहून बसतील, तू ऐरोलीला चढ, रिक्षावाल्याला गावदेवी मंदिर सांगा. हार्मनी इथेच करू, माईक मी तयार ठेवतो, त्याचे पैसे नकोत. कागदाचा मसुदा मी हाताने लिहून ठेवलाय, नावाच्या तीन जागा रिकाम्या आहेत, त्या तुम्ही भरा. आणि कळव्याच्या पोरीला निरोप दे, हातात बांगड्या असतील तर काढायची गरज नाही. रुमाल मी ठेवतो.

तुझा,
काका